खोबऱ्याच्या लेंड्या आणि सतरा नंबरचं टोकन

दीड दिवसाचा गणपती बोळवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर खोबऱ्याच्या ट्रेमध्ये एकही लेंडी नाही. खोबऱ्या म्हणजे आमचा पांढरा ससा. रात्री घातलेलं गवत तसंच, आणि तो कोपऱ्यात अंग आखडून बसलेला. कान हाताला गार, दात करकर वाजवत होता. पोरांना दरडावल्यावर कळलं, आरतीला आलेल्या मुलांनी त्याला दोन नेवऱ्या, म्हणजे करंज्या, आणि केळं भरवलं होतं. घरात दूर्वांचा ढीग पडलेला, आणि सशाच्या तोंडी नेवरी!

सशाचं आतडं थांबलं की घड्याळ सुरू होतं. दहा-बारा तास खाणं नाही, लेंडी नाही, म्हणजे घरगुती उपायांची वेळ संपली. हे मला आधीच ठाऊक होतं, म्हणूनच पुढचे अडीच तास जास्त जळफळाट झाला.

फोंड्याहून निघून साडेनऊला दवाखाना गाठला. नाव घालतो त्या कागदावर कुत्रा, मांजर, गाय-म्हैस असे रकाने, ससा नाहीच. मी ‘इतर’वर खूण केली. टोकन सतरा. काउंटरवरच्या माणसाला सांगितलं, रात्रीपासून पोट बंद आहे, जरा आधी घ्या. तो म्हणाला, “ससाच ना बाय? थांबेल तो.” आणि वर फुकटचा सल्ला, “तोवर काही देऊ नका, रिकाम्या पोटी ठेवा.”

आणि आत कोण जात होतं? चवथीची सुट्टी साधून वर्षाची लस टोचायला आणलेले धडधाकट लॅब्रेडॉर! बाकाखाली एक अल्सेशियन पिंजऱ्याकडे बघून भुंकतोय, आणि भेदरलेल्या सशाचं पोट तर आणखीच आखडतं. मी पिंजऱ्यावर टॉवेल टाकला आणि बाहेर पावसाच्या पागोळ्यांखाली जाऊन उभी राहिले. दर दहा मिनिटांनी आत डोकावून विचारायचं, दर वेळी तेच उत्तर. अकरा वाजता मी आवाज चढवला. चढवायला नको होता असं आजही वाटत नाही. बारा वाजून दहा मिनिटांनी आमचा नंबर लागला.

डॉक्टर मात्र भले निघाले. पोट चाचपलं, ते मऊ होतं, फुग्यासारखं ताठ नव्हतं. ताप मोजला तर ३८.१. सशाचं अंग ३८.५ ते ४० अंश असायला हवं, म्हणजे गारच पडला होता. दुखण्याचं आणि आतड्याला चालना देणारं अशी दोन इंजेक्शनं, कातडीखाली सलाइन. रिकाम्या पोटाचं सांगितलं तर ते चक्क हसले. ससा ओकू शकत नाही, त्याला उपाशी ठेवायचं काही कारणच नाही, उलट उपासानेच बिघडतं.

घरी गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली. पेलेट, म्हणजे सशाच्या खाद्याच्या सुक्या गोळ्या, कोमट पाण्यात भिजवून पातळ केले आणि सुई नसलेल्या सिरिंजने समोरच्या दातांमागच्या फटीतून, एका वेळी एक मिली. घाई केली की ठसका लागून श्वासनळीत जातं. पोट ताठ असेल तर मात्र असं भरवायचं नाही, उचलायचं आणि दवाखाना गाठायचा. रात्री तीन-चाळीसला पहिली लेंडी पडली, बारीक आणि वेडीवाकडी. मी नवऱ्याला उठवून दाखवली.

आता आठवतंय म्हणून सांगते. ससा आणला तेव्हा त्याच्या कानात तपकिरी खपली होती. ती नखाने काढू नका, खाली कातडी सोलवटते. कानातल्या किड्यांचं औषध डॉक्टरकडून वजनावर मोजून घ्या. नखं दर महिना-दीड महिन्याने कापायची, आतली गुलाबी शीर सोडून. आंघोळ नको, ढुंगण चिकटलं असेल तर तेवढंच कोमट पाण्याने धुवून पूर्ण कोरडं करा. पावसाळ्यात ते ओलं राहिलं तर माश्या अंडी घालतात. गवताला बुरशीचा वास आला तर टाकून द्या.

आणि कुत्र्याच्या पिसवांचं ते मानेवर सोडायचं फिप्रोनिलचं औषध सशाला चुकूनही लावू नका. त्याने ससे मरतात. आमच्या शेजाऱ्यांनी ते प्रेमाने आणून दिलं होतं, मी तसंच परत दिलं.