नळीतलं शिसं, नोंद चौथी: चोर पुंगळीत बसला होता

शनिवारी शंभर राउंड झाले. घरी येऊन पिस्तुलाची नळी सुटी केली, खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि आत डोळा लावला. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, पुढे थोडी काजळी दिसली, ती बंदुकीच्या पावडरची. ओला पॅच (कापडाचा तुकडा) एकदा फिरवला आणि तीही गेली. खाली नुसतं चकचकीत स्टील. फेब्रुवारीपासून हेच पाहायची वाट बघत होते, त्यामुळे आजची नोंद जरा लांबणार.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मी ओहायोत राहते. सीझेड ७५ पिस्तूल, ९ मिमी. १२४ ग्रेनच्या, म्हणजे साधारण आठ ग्रॅमच्या गोळ्या गॅरेजमध्ये स्वतः ओतते. मिश्रधातू म्हणजे गाडीच्या चाकाला लावतात ती क्लिपवाली जुनी वजनं आणि चिमूटभर कथील. इथे स्वतःपुरती काडतुसं भरायला परवाना लागत नाही. भारतात शस्त्र कायद्याखाली तो लागतो, तेव्हा तिकडच्या मंडळींनी हे नुसतं वाचायचं.

फेब्रुवारीत काय होत होतं, ते आधीच्या नोंदींत आलंच आहे. पहिले वीस राउंड छान जायचे. पन्नासाव्यापर्यंत पंचवीस यार्डांवरचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा घोळका, बशीची परात होऊन बसायचा. नळीत पाहिलं तर चेंबरपुढच्या पहिल्या इंचात, गोळीला पीळ देणाऱ्या खाचांच्या कडांना, शिशाचा राखाडी पापुद्रा. ब्रश मारला की पॅचवर चंदेरी कपटे येत, अगदी काजूकतलीवरचा वर्ख बोटाला चिकटावा तसे. फरक एवढाच की हा वर्ख चाटायचा नाही.

शिसं कुठे बसलंय यावरून रोग बराचसा कळतो. तोंडाकडच्या शेवटच्या इंचात असेल तर गोळीला लावलेलं वंगण अर्ध्या वाटेत संपतंय. नळीभर, खाचांच्या कडा धरून असेल तर मिश्रधातू त्या वेगाला मऊ पडतोय आणि गोळी खाचा पकडायच्या ऐवजी घसरतेय. आणि चेंबरच्या तोंडाशीच असेल, माझ्यासारखं, तर बहुतेक वेळा गोळी नळीला बारीक पडतेय. बाजूच्या फटीतून तापलेला वायू पुढे धावतो, गोळीची कड खरवडून वितळवतो आणि ते शिसं पुढच्या थंड स्टीलवर फासलं जातं. कल्हई लागते तशीच. फक्त कल्हईवाला मुद्दाम लावतो.

हे सगळं मला माहीत होतं. तरी आधी चुकीच्याच दारावर थाप मारली. ज्याला विचारावं तो म्हणे, शिसं मऊ आहे, कडक कर. म्हणून साच्यातून पडणारी गोळी सरळ पाण्याच्या बादलीत सोडायला लागले. चाकाच्या वजनांत अँटिमनी आणि किंचित आर्सेनिक असतं, त्यामुळे पाण्यात विझवलेली गोळी कडक होते. (बादली भट्टीपासून लांब, खाली. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब गेला तर वाफेचा स्फोट होऊन शिसं छतापर्यंत उडतं.) पेन्सिलींनी ओरखडे काढून कडकपणा तपासला, तो ब्रिनेल बाराच्या आसपासवरून चांगला वर गेला होता. खूश होऊन रेंजवर गेले. पापुद्रा दुप्पट!

कारण मागाहून उमगलं. बारीक गोळी थोडी मऊ असेल तर मागून दाब आला की तिचं बूड फुगतं आणि फट बुजते. ओतणाऱ्यांचा ठोकताळा असा की ब्रिनेल आकड्याला १,४२२ ने गुणलं की किती पीएसआय दाबाला ते शिसं नमतं ते कळतं. बाराला साधारण १७,००० येतात, विसाला २८,०००च्या वर. माझा लोड, म्हणजे काडतुसातली पावडर, हलका, सरावाचा. मी गोळीला इतकं ताठ केलं की तिला नमता येईना. तेव्हा बादली बंद.

मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं: नळी मोजली. मासेमारीचं मऊ शिशाचं वजन, थोडं तेल, लाकडी दांडा आणि नायलॉनची हातोडी. वजन नळीतून हळूहळू ठोकत पार केलं की खाचांचा ठसा घेऊन बाहेर येतं. मायक्रोमीटरवर ०.३५६ इंच. सीझेडला सहा खाचा, म्हणजे समोरासमोर मोजता येतात. पाच खाचांच्या स्मिथ अँड वेसनसारख्या नळीला व्ही आकाराच्या टेकूचा मायक्रोमीटर लागतो. आणि माझ्या गोळ्या? त्याही ०.३५६. ओतीव गोळी खाचांपेक्षा एक-दोन थाऊ (इंचाचा हजारावा भाग) जाड हवी. साइझिंग डाय (गोळी ठरावीक मापाच्या भोकातून दाबून काढणारं हत्यार) बदलली, ०.३५८ केल्या.

फरक पडला, पण अर्धाच. पापुद्रा पन्नासऐवजी ऐंशी राउंडांनी दिसायला लागला. इथे दोन आठवडे मी नुसती चिडले. वंगण बदललं, मेणाचं प्रमाण बदललं, काही फायदा नाही.

शेवटी बाबांना फोन केला. बाबांची सगळी हयात शिरोलीच्या फाउंड्रीत गेली. बंदुकीतलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण ओतलेल्या कुठल्याही वस्तूवर त्यांचं मत असतं. पहिल्या महिन्यात माझ्या सुरकुतलेल्या गोळ्यांचा फोटो पाहून एका वाक्यात निकाल दिला होता, "साचा गार हाय गं तुझा." खरंच होता. या वेळी सगळं ऐकून विचारलं, "तू मोजतीस ती गोळी बशिवण्याआधीची का बशिवल्यानंतरची?"

"आधीची."

"मग नंतरचं कोण मोजणार? मी?"

एक नकली काडतूस केलं, पावडर नाही, ती पेटवणारा प्रायमर नाही. गोळी पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यात, बसवली, क्रिंप केली (पुंगळीचं तोंड गोळीवर आवळलं) आणि आपटून काढायच्या हातोडीने परत बाहेर काढली. पुढचा पट्टा ०.३५८. बुडाचा पट्टा ०.३५५! वाण्याने बरोबर तोलून दिलं आणि पिशवीच्या बुडालाच भोक, असा प्रकार. पुंगळीत बसवतानाच मी गोळी दाबून बारीक करत होते, आणि महिनाभर दोष देत होते शिशाला.

९ मिमीची पुंगळी निमुळती असते आणि बुडाकडे तिची भिंत जाड होत जाते. त्यात सीझेडचा थ्रोट, म्हणजे खाचा सुरू होण्याआधीचा नळीचा भाग, आखूड, म्हणून गोळी खोल बसवावी लागते, म्हणजे बूड नेमकं त्या जाड भागात जातं. पुंगळीचं तोंड रुंद करणारा माझा एक्सपँडर ०.३५५च्या तांब्याच्या आवरणाच्या गोळ्यांसाठी बेतलेला, बारीक आणि आखूड. पितळ कडक, शिसं मऊ. हार कोणाची होणार ते उघड आहे. राहिलेली कसर क्रिंप डायच्या कार्बाइड कड्याने भरून काढली. ते कडं तयार काडतूस शेवटी एकदा पिळून काढतं. बाजारातल्या गोळ्यांना त्याचा त्रास नाही, जाड ओतीव गोळीला मात्र ते खातं.

उपाय दोन. एक, पायरीचा, जाड आणि लांब एक्सपँडर, गोळी जिथवर बसते तिथवर पोचणारा. दोन, कड्याची डाय काढून साधी टेपर क्रिंप, तीही फक्त रुंदावलेलं तोंड सरळ होण्यापुरती, ०.३७९ इंच. मग सुट्या नळीत काडतूस टाकून पाहायचं: टक् आवाज करून पडलं, बोटाने फिरलं आणि उलटं केल्यावर आपसूक बाहेर आलं की झालं. परत एक नकली काडतूस उघडलं. बूड ०.३५७. शिसं तेच, वंगण तेच, वेग तोच. बसवायची खोली बदललीत तर मात्र पावडर पुस्तकातल्या सुरुवातीच्या आकड्यावर आणा, कारण खोल गोळीने दाब झपाट्याने वाढतो.

साफसफाईबद्दल दर वेळी विचारणा होते. जुन्या ब्रशवर भांडी घासायच्या शुद्ध तांब्याच्या काथ्याचे धागे गुंडाळा आणि कोरडेच वीसेक हात मारा. आधी लोहचुंबक लावून पाहा, कारण तांब्याचा मुलामा दिलेलं लोखंडही मिळतं. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा घोळ कुणी सुचवला तर त्याला नमस्कार करून पुढे जा. त्यातून लेड ॲसिटेट बनतं, ते पाण्यात विरघळतं आणि विषारी आहे. शिसं साचलेल्या नळीतून आवरणाच्या गोळ्या मारून ती "साफ" करणारेही आहेत. तो अडथळ्यावरून गोळी रेटायचा प्रकार, मी करत नाही.

पावडर कोटिंगचा, म्हणजे गोळीवर रंगाच्या पावडरचा थर भाजून चढवायचा, सल्ला चौघांनी दिला. करणार आहे, २०० अंश सेल्सियसला वीस मिनिटं, वेगळ्या ओव्हनमध्ये. पण बूड दबतच राहिलं असतं तर रंगीत गोळीही नळीला बारीकच पडली असती.

कोल्हापूरचे नातेवाईक २०२४च्या पॅरिसमधल्या स्वप्निल कुसाळेच्या नेमबाजीतल्या कांस्यपदकापासून मला दर फोनला विचारतात, "मग, तुझं ऑलिंपिक कधी?" त्यांना कोण सांगणार की त्याच्या .२२ रायफलच्या काडतुसातही उघडं शिसंच असतं, वंगण लावलेलं, आणि मॅचची काडतुसं आवाजाच्या वेगाच्या आतच राहतात.

काढलेल्या दोन्ही गोळ्या, दबलेली आणि शाबूत, मायक्रोमीटरसकट बाबांना फोटोत पाठवल्या. अर्ध्या तासाने उत्तर आलं, "बरं झालं. नव्वद अंशात फिरवून बी मोजलीस का? साच्याच्या दोन फाळक्यांची जोड कधी सारखी नसते."

नव्हती मोजली. आता गॅरेजमध्ये चाललेय.