टर्की बोलेना तेव्हा : ओझार्कमधला एप्रिल

अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात टर्की या कोंबडीच्या कुळातल्या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीचा वसंत हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी उघडतो आणि तीन आठवडे चालतो. त्या सोमवारी इथल्या लहान गावांत निम्मी माणसं 'आजारी' असतात. मी पहिला आठवडा मुद्दाम सोडून देतो. सरकारी जंगलातली झुंबड ओसरू द्यावी, मग जावं. यंदाही शेजारच्या आजोबांच्या पिकअपमध्ये सामान टाकलं आणि सेंट लुईसहून रोलामार्गे सेलम गाठलं. तिथून मार्क ट्वेन नॅशनल फॉरेस्ट लागतं. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ओझार्कचे डोंगर म्हणजे टेकाडंच वाटतील, पण अंधारात बंदूक घेऊन चढायला लागलं की दम निघतो. ओक आणि हिकरीला नुकती पालवी फुटत होती आणि त्यांच्याखाली डॉगवूड पांढराशुभ्र फुलला होता.

शिकार म्हटलं की पुण्याच्या घरी अजून भुवया वर जातात. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने तो विषय संपवला आणि ते योग्यच झालं. इथलं गणित निराळं आहे. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मिसूरीत जेमतेम काही हजार टर्की उरले होते. आधी पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडून पाहिले, पण ते टिकले नाहीत. मग 1950 च्या दशकात रानटी टर्कीच जाळ्यात पकडून रिकाम्या जंगलांत नेऊन सोडायला सुरुवात झाली. ते मात्र रुजले, आणि 1960 मध्ये वसंतातली शिकार पुन्हा सुरू झाली. पैसा कुठून येतो, तेही सांगण्यासारखं आहे. बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्राचा कर 1937 च्या कायद्यानुसार वन्यजीवांच्या कामाला जातो. शिवाय 1976 मध्ये मिसूरीच्या मतदारांनी विक्रीकरात एक अष्टमांश टक्का वाढ स्वतःहून मंजूर केली. म्हणजे आठ डॉलरच्या किराण्यामागे एक सेंट रानाला. मी इथे डाळ-तांदूळ घेतो, त्यातही तो असतो.

या शिकारीत पक्ष्याचा पाठलाग करायचा नसतो. पहाटे झाडावर बसलेला नर गॉबल करतो, म्हणजे खळखळून एका दमात आरोळी देतो. शांत हवेत ती दीड किलोमीटरवरूनही ऐकू येते. ती ऐकून मादीने त्याच्याकडे जावं, हा निसर्गाचा रिवाज. शिकारी खडू लावलेल्या लाकडी पेटीवर किंवा स्लेटवर मादीचा आवाज काढतो आणि रिवाज उलटा फिरवून नरालाच आपल्याकडे बोलावतो. नर बोलला तर तो कुठे आहे ते कळतं, दिशा कळते, बसायची जागा ठरवता येते. सगळी मदार त्या आरोळीवर.

आणि यंदा आरोळीच नव्हती.

सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बंदूक चालवायला परवानगी असते. त्याच्याही बऱ्याच आधी आम्ही कड्यावर उभे होतो. आजोबा तोंडाने बार्ड घुबडाचा आवाज हुबेहूब काढतात. तो ऐकून झाडावरचा नर दचकून उत्तर देतो, एरवी देतोच. दरीतून खऱ्या घुबडाने उत्तर दिलं. व्हिपूरविल ओरडत राहिला, मग कार्डिनल सुरू झाले, कुठूनतरी कावळे आले. टर्की मात्र नाही.

आजोबांना त्याचं नवल वाटलं नाही. सगळ्यात जास्त बडबड करतात ते दोन वर्षांचे नर. म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा मे-जून पावसाने धुऊन काढला आणि पिल्लं गारठून मेली, की त्याची शिक्षा आज मिळते. अंडी अठ्ठावीस दिवस जमिनीवरच्या घरट्यात उबवायची असतात. रॅकून, साप, पोसम सगळे टपलेले. त्यातून निघालेली पिल्लंही पहिले काही दिवस जमिनीवरच झोपतात. जे म्हातारे नर उरलेत, त्यांच्याभोवती माद्या आधीच असतात. त्यांनी कशासाठी ओरडावं? पक्षी कमी आहेत हे खरं, पण रान दिसतं तितकं रिकामं नसतं. अशा वर्षी चालत फिरणाऱ्याला काही मिळत नाही, बसणाऱ्याला कदाचित मिळतं.

म्हणून कोण कुठे बसणार ते नकाशावर ठरवलं आणि ठरलेली जागा सोडायची नाही, असं पक्कं केलं. हा नियम जिवाचा आहे. नराच्या डोक्यावर लाल, पांढरा आणि निळा असे तिन्ही रंग असतात, म्हणून कुणी आपल्यालाच टर्की समजू नये यासाठी त्या रंगांचा रुमालसुद्धा खिशात ठेवायचा नाही. पाठीशी खांद्यांपेक्षा रुंद झाड घ्यायचं. दुसरा शिकारी दिसला तर हात हलवायचा नाही, मोठ्याने बोलायचं.

मी एका पांढऱ्या ओकला टेकलो. टर्कीला वास फारसा येत नाही, पण नजर अशी की पापणी लवली तरी तो गेला. तेवढ्यात मनगटावर गोचीड चढत होती, पाठीवर पांढरा ठिपका असलेली. तिला लोन स्टार म्हणतात. ती चावली की काही जणांना मटणाचीच ॲलर्जी होते: बकरं, गाय, डुक्कर सगळं बंद, कोंबडी आणि टर्की चालू. कोल्हापूरच्या माणसाला याहून मोठा शाप नाही. पण हात हलवता येईना, कारण समोर तीन पक्षी उभे होते.

केव्हा आले ते कळलंच नाही. एकाने पिसारा फुलवला. मधली पिसं वर आलेली, कडेची आखूड. छातीवरचा केसांसारख्या पिसांचा झुपका, ज्याला दाढी म्हणतात, तो बोटभर. जेक, म्हणजे गेल्या वर्षीचे नर. कायद्याने मारायला चालतात. वीस पावलांवर होते, बंदूक गुडघ्यावर तयार होती. मी गोळी घातली नाही. यात साधुत्व काही नाही, हिशोब आहे: हेच तिघे पुढच्या एप्रिलमध्ये दोन वर्षांचे होऊन कडा दणाणून सोडणार. मुक्या वर्षी जेक मारणं म्हणजे बियाण्याचं धान्य दळणं. त्यांना भुलवायला मी समोर रोवलेली बनावट मादी त्यांनी टोचून पाहिली, एकाने तिला पाडली, आणि ते निघून गेले. मग मी आधी गोचीड काढली.

सरकारी जमिनीवर दुपारी एकला शिकार थांबवावी लागते. अकरा वाजून गेले असतील, तेव्हा कड्याच्या पलीकडून एकच बार ऐकू आला. मी जागा सोडली नाही. थोड्या वेळाने आजोबाच नारिंगी कापडात पक्षी गुंडाळून, मोठमोठ्याने बोलत आले. हा नर एकदाही ओरडला नव्हता. फक्त ड्रमिंग, ती खोल घुमणारी धडधड, जी कानापेक्षा छातीला आधी कळते. मग झुडपातून लाल मान.

परवान्यावर तिथल्या तिथे खूण केली. रात्री दहाच्या आत फोनवरून नोंदही करावी लागते. पक्षी सोलताना मी शेजारी बसलो. पायामागचा नखासारखा काटा इंचाहून लांब, म्हणजे निदान तीन वर्षांचा. छातीच्या वरच्या भागात पिवळट, बुळबुळीत चरबीचा जाड थर; विणीच्या दिवसांत नर नीट खात नाही, ही त्याची शिदोरी. गळ्यातली पिशवी कापली तर आत क्लोव्हरची कोवळी पानं, ओकफळाचे तुकडे, दोन भुंगे आणि एक चिमुकली अख्खी गोगलगाय. पानं अजून हिरवीगार होती.

इथले बरेच लोक छातीचं मांस घेतात आणि तंगड्यांना नावं ठेवतात. छाती आजोबांची, तंगड्या माझ्या, असा आमचा करार. रानटी तंगडी चिवट असते, साध्या रश्श्यात तासभर ठेवली तरी दाद देत नाही. मी हळद, आलं-लसूण आणि मीठ चोळून रात्रभर ठेवतो, कुकरला भरपूर शिट्ट्या काढतो, मग नळीतले हाडासारखे ताठ दोर पक्कडीने ओढून काढतो. त्यानंतर सुकं खोबरं, तीळ, कांदा-लसूण चटणी आणि तेलाचा कट. आजोबांनी पहिल्या घासाला दूध मागितलं, दुसऱ्या वाढीला भाकरी मागितली, आणि जाताना म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून एक तंगडी माझी."