गाणी घरी आणली, त्याची गोष्ट

एका सकाळी आईच्या आवडीचं गाणं लावायला गेलो, तर यादीत त्याचं नाव राखाडी झालेलं. दाबलं तरी वाजेना. त्याच अल्बममधली आणखी तीन गाणी तशीच. ही गाणी महिन्याच्या वर्गणीतली नव्हती, एकेक करून पैसे मोजून घेतलेली होती. कंपनीला लिहिलं. हक्कधारकाशी असलेला करार संपलाय, असं सभ्य उत्तर आलं. मग पहिल्यांदाच अटी नीट वाचल्या. मी गाणी घेतलीच नव्हती, फक्त ऐकायची परवानगी घेतली होती.

हे माझ्याच बाबतीत घडलं असंही नाही. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा लोकांनी विकत घेतलेली पुस्तकंही उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तकं गेली ती गेलीच.

आधी मोजदाद केली. कसोटी एकच ठेवली: फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली, नेट बंद केलं आणि वेगळ्याच प्रोग्राममध्ये उघडली, तर उघडते का? उघडली तर माझी. पुस्तकांपैकी साध्या ईपब फाइल तेवढ्या या कसोटीला उतरल्या. ईपब म्हणजे आत वेबपानं असलेली झिप फाइल, त्यामुळे ती कुठेही वाचता येते. दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडू नयेत म्हणून कुलूपबंद केलेल्या पुस्तकांची कुलपं तोडायच्या फंदात पडलो नाही, बऱ्याच देशांत कायद्याला ते चालत नाही. यापुढे कुलूप नसलेलीच घ्यायची, एवढं ठरवलं.

गाण्यांसाठी मात्र जुन्या सीडींचा खोका खाली काढला. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, तासाभराचं संगीत सुमारे ६३५ एमबी भरतं. एमपी३ केली तर त्यातलं काही कायमचं गळतं. फ्लॅक या दुसऱ्या फाइल-प्रकारात काहीच गळत नाही आणि जागा तरी बरीच वाचते. फ्लॅकवरून पुढे हवी तेव्हा एमपी३ करता येते, उलट करता येत नाही. म्हणून सगळं फ्लॅकमध्येच घेतलं.

एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्राम सीडी घाईनं वाचत नाही. शंका आली की तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचतो, आणि शेवटी इतर लोकांनी त्याच सीडीवरून काढलेल्या नकलेशी आपली नक्कल जुळते का, तेही सांगतो. आईचं गाणं ज्या सीडीवर होतं, तिच्यावर एक ओरखडा होता. सातव्या गाण्यावर येऊन ड्राइव्ह घरघरायला लागला. सीडी काढली, मऊ सुती कापडानं मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसली (गोल गोल पुसायचं नाही, वाचण्याच्या दिशेनंच गोलाकार चरा पडला तर तो जास्त नडतो). तरी नाही. मग दुसऱ्या, जुन्या लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये घातली, आणि त्यानं ती वाचली. नक्कल जुळल्याची ओळ स्क्रीनवर आली, तेव्हा मी आईला हाक मारून ती ओळ दाखवली. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण तिनं गाणं पूर्ण ऐकलं.

फोटोंनी सगळ्यात जास्त दमवलं. फोटो ठेवायच्या सेवेकडून सगळा साठा मागवला. भल्यामोठ्या झिप फाइल आल्या. उघडून बघतो तर फोल्डरमधल्या यादीत पंधरा वर्षांचे फोटो सगळे एकाच दिवशी काढल्यासारखे. व्हॉट्सॲपवरून आलेल्या आणि स्कॅन केलेल्या फोटोंच्या आत तर तारीखच नव्हती, ती शेजारच्या छोट्या जेसन फाइलमध्ये (फोटोची माहिती लिहिलेल्या मजकुराच्या फाइलमध्ये) होती, तीही दहा आकडी संख्या म्हणून. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले, ती ही संख्या. १२६२३०४००० म्हणजे १ जानेवारी २०१० ची ग्रीनिचची मध्यरात्र. एक्झिफटूल या फोटोंच्या आतली माहिती बदलणाऱ्या प्रोग्रामनं त्या तारखा फोटोंच्या आत लिहून घेतल्या. त्याआधी जेसन फाइल कचरा समजून पुसू नका, एवढं कळकळीनं सांगतो.

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, गाणी घरच्या कॉम्प्युटरवरून फोनवर ऐकवणारं नॅव्हिड्रोम बसवलं, आणि बाहेरून ऐकता यावं म्हणून घरच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी करणारं वायरगार्ड. हे दोन संध्याकाळींत झालं. माहिती भरपूर मिळते.

चूक झाली ती पुढे. फोन आणि लॅपटॉप सिंकथिंगनं, म्हणजे दोन्हीकडच्या फाइल सारख्या ठेवणाऱ्या प्रोग्रामनं, जोडले होते आणि त्यालाच मी बॅकअप समजत होतो. फोनवर जागा करायला एक फोल्डर पुसला, आणि मिनिटाभरात तो लॅपटॉपवरूनही गेला. सिंकथिंगनं सांगितलेलं काम चोख केलं होतं. कपाटातल्या, वायर काढून ठेवलेल्या डिस्कवर तीन आठवड्यांपूर्वीची प्रत होती, म्हणून निभावलं. मधल्या तीन आठवड्यांचे फोटो मात्र गेले.

आता रेस्टिक हा बॅकअपचा प्रोग्राम वापरतो. दोन डिस्क, एक माझ्याकडे, एक ताईकडे. रेस्टिक सगळं कूटबद्ध करून ठेवतं, पासवर्ड हरवला तर कुणीच काही करू शकत नाही. म्हणून पासवर्ड कागदावर, आणि त्याच कागदावर फाइल परत कशा काढायच्या त्याच्या पायऱ्या. ताईला म्हटलं, मी बाजूला गप्प बसतो, तू एकटीनं आईचं गाणं काढून दाखव.

ती तिसऱ्या ओळीवर अडली. “अरे, ‘मोठी डिस्क’ म्हणजे कुठली? माझ्याकडे तर एकच आहे. आणि ही ‘कमांड’ कुठे लिहायची?”

कागद दोनदा नव्यानं लिहिला. तिसऱ्या खेपेला तिनं एकदाही माझ्याकडे न बघता फाइल काढली. मग पेन्सिल घेऊन चौथ्या ओळीखाली तिच्या अक्षरात लिहिलं: “इथे पाच मिनिटं काहीच दिसत नाही, थांबायचं.”