बॉनेटखालचा रंग, आणि तो मुळात का उडाला

गाडी बाहेरून चकाचक आणि बॉनेट उघडलं की आत काळं, तेलकट, पोपडे सुटलेलं, हे मला किती वर्षं खुपत होतं विचारू नका. क्लचच्या कामासाठी इंजिन तसंही बाहेर काढायचं होतं, तेव्हा म्हटलं एवढी मोकळी जागा परत कधी मिळणार, करूनच टाकू.

रिकामा इंजिन बे, म्हणजे इंजिन बसतं ती जागा, टॉर्च लावून नीट बघितला तर रंग सगळीकडे सारखा गेलेलाच नव्हता. बॅटरीच्या ट्रेखाली जाड गंज, ब्रेकच्या मास्टर सिलिंडरखाली (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल पुढे ढकलतो तो) ओघळाच्या आकारात रंग साफ गायब, आणि वायपरखाली पत्र्याच्या जोडाजवळ फुगवटे. तिन्हींची कारणं वेगळी. बॅटरीतलं ॲसिड थोडंथोडं बाहेर येत राहतं आणि पत्रा खातं. ब्रेक ऑइल, म्हणजे डॉट ३, डॉट ४ वालं, ग्लायकॉलचं असतं, रंगावर सांडलं की रंग मऊ होऊन निघायला लागतो. आणि वायपरखालचं पाणी जायचं भोक पानांच्या कचऱ्याने बुजलेलं, त्यामुळे पाणी तिथेच मुरत बसलेलं. म्हणून रंगाचं सामान आणायच्या आधी मास्टर सिलिंडरच्या सील बदलल्या आणि ते भोक तार घालून मोकळं केलं. नाहीतर नवा रंग पण जुन्याच्याच वाटेने गेला असता.

खोलाखोली म्हणजे नुसता संयम. बॅटरीची आधी निगेटिव्ह वायर काढायची. प्रत्येक कनेक्टरला मास्किंग टेपची चिठ्ठी, प्रत्येक बोल्ट वेगळ्या पिशवीत, आणि फोटो इतके काढा की स्वतःचंच हसू येईल. मी एका ब्रॅकेटचा फोटो नाही काढला आणि तोच शेवटी हातात उरला. एसीचे पाईप मात्र उघडले नाहीत, आत गॅस असतो आणि तो असा हवेत सोडायचा नसतो, तसेच बाजूला बांधून ठेवले.

आता सफाई. सगळे चुकतात ते इथे, मी पण पहिल्यांदा चुकलो. घाई करून आधी पॉलिश पेपर मारायला घेतला, आणि तेलकट पत्र्यावर पेपर मारला की तेल निघत नाही, उलट चरांमध्ये जाऊन बसतं, मग त्यावर रंग मारला की माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल खड्डे पडतात. त्यामुळे आधी डीग्रीझर, ब्रश, पाणी, परत डीग्रीझर, असं तीन वेळा, मग पूर्ण वाळवून ग्रीस रिमूव्हर. हा पुसायचा पण एक प्रकार आहे, एका फडक्याने ओला लावायचा आणि तो उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचा, नाहीतर घाण फक्त इकडची तिकडे होते. बॅटरीच्या जागी खाण्याच्या सोड्याचं पाणी ओतलं, फेस यायचा थांबेपर्यंत, आणि मग भरपूर साधं पाणी.

गंजावर ग्राइंडरला तारेचा ब्रश लावला आणि पत्रा चमकेपर्यंत घासलं. उरलेल्या बारीक खड्ड्यांत फॉस्फोरिक ॲसिडवालं औषध लावलं, पण ते डब्यावर लिहिल्याप्रमाणे नीट धुवून काढावं लागतं, कारण आम्लाचा अंश राहिला तर वरचा इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, धरत नाही. पेपर ८० नंबरचा (नंबर जितका कमी तितका खरबरीत) फक्त गंजाच्या जागी, मग १८०, बाकी शाबूत रंगावर ३२०, आणि जिथे बोटं पण जात नाहीत तिथे घासणीसारखं स्कॉच ब्राइट. चेसिस नंबर जिथे कोरलेला असतो तिथे ग्राइंडर अजिबात नाही, टेप लावून झाकून टाका.

उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, तो वाळल्यावर जोडांवर सीम सीलर, म्हणजे फटी बुजवणारी पेस्ट, ब्रशने, आणि मग रंग. सगळे विचारतात की उष्णता सहन करणारा रंग लागतो का. नाही हो, तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डसाठी, म्हणजे इंजिनातून गरम धूर बाहेर नेणाऱ्या पाईपासाठी. आजूबाजूचा पत्रा तेवढा तापत नाही, गाडीचा नेहमीचा टू के रंग, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, पुरतो, शिवाय तो हार्डनरमुळे घट्ट होतो म्हणून पेट्रोल, ऑइलला साध्या स्प्रे कॅनपेक्षा चांगला टिकतो. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडू शकतो आणि एकदा जडला की पुढे थोड्या वासाने पण त्रास होतो, त्यामुळे धुळीचा मास्क इथे काही कामाचा नाही. मी कार्बन फिल्टरवाला मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण अंग झाकणारा सूट, सगळं घातलं, आणि तरी सांगतो की बाहेरून ताजी हवा येणारा मास्क मिळाला तर तोच घ्या.

मारताना आधी कोपरे आणि कडांच्या खालच्या बाजू, लहान गनने, हवेचा दाब कमी ठेवून, कारण कोपऱ्यात हवा उलटी फिरते आणि रंग तोंडावर परत येतो. मोकळा पत्रा शेवटी. एक ओघळ आलाच, पण बॅटरीमागे लपलाय, मी काही सांगणार नाही कुठे.

आठवड्याने सगळं परत बसवलं, चावी फिरवली, नुसतं टक्. परत, टक्. बॅटरी फुल चार्ज. स्टार्टर खराब झाला म्हणून अर्धा दिवस त्याच्या मागे घालवला, आणि मग डोक्यात प्रकाश पडला, अर्थिंगच्या वायरी जिथे बॉडीला बसतात त्या जागा झाकायच्याच राहिल्या होत्या आणि मी त्यावर प्रायमर, रंग सगळं प्रेमाने चढवलेलं. करंट जाणार कुठून? एवढ्या मेहनतीने मारलेला रंग स्वतःच्याच हाताने बोल्टखाली गोल खरवडला, वायर आवळली आणि वरून ग्रीस लावलं. पहिल्याच चावीला सुरू.

नंतर ब्रेक ब्लीड करताना, म्हणजे ब्रेकच्या पाईपातली हवा काढताना, ब्रेक ऑइलचे दोन थेंब सांडलेच. पण यावेळी पाण्याची बादली आणि ओलं फडकं आधीच शेजारी ठेवलं होतं, ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं त्यामुळे लगेच धुतलं तर निघून जातं. डाग नाही पडला. रोज सकाळी बॉनेट उघडून बघतो अजून.