झोपला तो

एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाऊन आलो म्हटलं की नागपुरात पहिला प्रश्न ठरलेला. "मग, वरून कसं दिसते भाऊ?" वरून नाही हो. वर जाणारे लोक वेगळे, त्यांची बँकखातीही वेगळी. आपण जातो तो पायथा, ५,३६४ मीटरवरचा. आणि तिथून एव्हरेस्टचं शिखर दिसतसुद्धा नाही, शेजारचं नुप्त्से शिखर आणि एव्हरेस्टचाच पश्चिम खांदा आड येतो. एवढं ऐकलं की विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो आणि तो पुन्हा आपल्या तर्री-पोह्याकडे वळतो.

माझाही उतरला होता. मध्याने सांगितलं तेव्हा आम्ही फुटाळा तलावाच्या काठावर कणीस खात होतो. "मग कायले जायचं बे?" मी विचारलं. "पायथा पाहायला," तो म्हणाला आणि मोबाईलवर एक्सेलची शीट उघडली.

मध्या म्हणजे शीट. आम्ही चौघं धंतोलीच्या एकाच शाळेतले, पन्नाशीला टेकलेले. सुन्या, पिंट्या आणि मी नुसते हो म्हणणारे. कोणत्या दिवशी किती मीटर चढायचं, कोणाच्या बॅगेत क्रोसिन, कोणाच्या बॅगेत ओआरएस, विम्यात हेलिकॉप्टर आहे की नाही, हे सगळं मध्याच्या शीटमध्ये. सगळ्यात खाली लाल अक्षरांत एकच नियम होता: डोकं दुखलं तर लपवायचं नाही.

सरावाचं काय सांगू. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटर. आमच्याकडे टेकडी म्हटलं की गणपती आठवतो, आणि ती टेकडी चढायला पाच मिनिटंही लागत नाहीत. दोन रविवार रामटेकच्या पायऱ्या केल्या, मग कोणी ना कोणी लग्नाला जायला लागलं. मध्या मात्र पाठीवर दहा किलो तांदळाची सॅक घेऊन आपल्याच बिल्डिंगचे सात मजले रोज दहा वेळा चढायचा. चौकीदार बिचारा दर वेळी सांगायचा, "साहेब, लिफ्ट चालू आहे."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टेकडीच्या गणपतीला नारळ फोडला आणि तसेच शेजारी स्टेशनवर गेलो. दीक्षाभूमीवरून परतणाऱ्या लोकांनी प्लॅटफॉर्म फुलून गेलं होतं. दिल्ली, मग काठमांडू. तिथे दशैं चालू, हॉटेलवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या कपाळावर दही-तांदळाचा लाल टिळा. चालायला सुरुवात होते ती लुक्लाहून, आणि तिथलं विमान म्हणे काठमांडूहून. पण गर्दीच्या मोसमात ते रामेछापहून सुटतं, आणि रामेछापला पोचायला रात्री एक वाजता जीपमध्ये बसून पाच तास हाडं खिळखिळी करून घ्यावी लागतात. हे शीटमध्ये होतं. मी शीट वाचली नव्हती, त्यामुळे सगळ्यात जास्त कटकट मीच केली. लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटरची, चढावर बांधलेली. विमान उतरतं ते डोंगराच्या भिंतीकडे तोंड करून. पिंट्याने डोळे मिटले होते. मी उघडे ठेवले, त्याचा काही उपयोग झाला नाही.

फाकदिंग, नामचे, तेंगबोचे, दिंगबोचे. सहा-सात दिवस या चार नावांत संपवतो, कारण फोटो सगळ्यांनी पाहिलेले आहेत. एक तक्रार मात्र नोंदवतो. अरुंद वाटेवर समोरून ओझ्याचे जोपक्यो, म्हणजे याक-गायीच्या संकराचे बैल, आले की डोंगराच्या बाजूला सरकून उभं राहायचं असतं, हे दर वेळी विसरणारे लोक जगाच्या प्रत्येक देशातून आलेले असतात. दुसरी गोष्ट उकळत्या पाण्याची. उंची वाढेल तसा थर्मासचा भाव वाढतो. सुन्याने नामचेत घासाघीस करून पाहिली. लॉजवाली दिदी हसली आणि म्हणाली, पाणी इथलंच आहे दादा, गॅस खालून पाठीवर येतो. त्यानंतर किमतीबद्दल सुन्या वरपर्यंत गप्प होता.

नामचेच्या वर, ३,८८० मीटरवरच्या हॉटेलच्या अंगणातून एव्हरेस्ट दिसला. ल्होत्से-नुप्त्सेच्या भिंतीमागून डोकावणारं काळं टोक, त्यावर बर्फाची शेंडी. मध्या आणि मी शेजारी उभे होतो. हे लक्षात ठेवा.

लोबुचेला पोचलो ते दुपारी. ४,९४० मीटर. त्या वाटेवर थुक्लाच्या वर एक पठार आहे, तिथे डोंगरावर मेलेल्यांच्या नावांचे दगडी चोर्तेन, म्हणजे छोटे स्मारक-स्तूप, उभे आहेत. बाबू छिरी शेर्पाचंही आहे. १९९९ साली हा माणूस बाटलीबंद ऑक्सिजनशिवाय शिखरावर २१ तास राहिला आणि २००१ साली तिथल्याच डोंगरावर गेला. मध्याने प्रत्येक दगड वाचला. आम्ही पुढे निघून गेलो, तो मागे राहिला. त्याचं वाचन चाललंय असंच मला वाटलं.

संध्याकाळी लॉजच्या जेवणाच्या खोलीत मधोमध याकच्या शेणाच्या गोवऱ्यांची शेगडी धगधगत होती आणि भिंतीलगतच्या बाकांवर पत्ते चालले होते. मध्याने दाल-भाताचं ताट सरकवलं. दाल-भात परत परत वाढतात, आणि मध्या माहेरवाशिणीसारखा जेवणारा माणूस. आमच्या गाइडने, त्याला आम्ही दाई म्हणजे नेपाळीत दादा म्हणायचो, ते ताट पाहिलं. मग उठला आणि लाकडी जमिनीतल्या एका लांब फळीवर बोट ठेवून म्हणाला, "दादा, इस पे चलो. एड़ी के आगे पंजा."

"काऊन? मी पिऊन आहे का?" मध्या म्हणाला.

आम्ही हसलो. सुन्या तर बाकावर उभा राहून पोलिसाच्या आवाजात, "साहेब, फुंका इकडे." यात गंमत अशी की मध्याने आयुष्यात थेंब घेतलेला नाही. एकतीस डिसेंबरला आम्हा तिघांना एकेकाच्या दारात सोडणारा तोच.

पहिली दोन पावलं सरळ पडली. तिसरं फळीच्या बाहेर. चौथं टाकताना त्याने बाकाला हात लावायचा प्रयत्न केला, हात टेबलावर गेला आणि एका कोरियन बाईचा आल्याचा चहा सांडला. मध्या "सॉरी सॉरी" म्हणत हसला. आम्हीही हसलो. दाई हसला नाही. म्हणाला, फिर से.

दुसऱ्यांदा दोन पावलांतच गेला. या वेळी त्याने पायांकडे पाहिलं, हे कोणाचे लावले अशा नजरेने. मग खिशातून ऑक्सिमीटर काढला, बोटाला लावला आणि दाईपुढे धरला. "माझा ७९ आहे. याचा पाहा, ७५," असं म्हणून माझ्याकडे बोट केलं.

"मशीन को रहने दो, दादा."

मग कळलं की डोकं दिंगबोचेपासून दुखत होतं. रोज रात्री आपल्याच वाट्याच्या क्रोसिन गिळत होता. नंतर मी त्याची शीट उघडून पाहिली. त्या दोन दिवसांच्या खान्यात लिहिलं होतं: डोकं ठीक.

दाई म्हणाला, आत्ताच उतरायचं. हेलिकॉप्टर रात्री उडत नाही, सकाळपर्यंत थांबायचं नाही, घोडा या अंधारात नको. फेरिचेला डॉक्टर आहेत. "कौन आएगा साथ में?"

आता खरं सांगतो. तो प्रश्न कानावर पडला तेव्हा माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट म्हणजे 'उद्या'. उद्या बेस कॅम्प होता. चौघांत मध्याच्या सगळ्यात जवळचा मी, चौथीपासून एका बाकावरचा, त्यामुळे पिंट्या आणि सुन्या दोघेही माझ्याकडे बघत होते. मी शेगडीकडे बघत होतो. दिदीने झाकण उचलून आणखी दोन गोवऱ्या टाकल्या, तेही मी मन लावून पाहिलं.

सोडवलं मध्यानेच. "तुम्ही जा बे. पैसे भरले आहेत ना." ते वाक्य मी वरचेवर झेलून खिशात घातलं. दाई आणि एक पोर्टर त्याच्याबरोबर निघाले, आमच्यासाठी दाईचा मदतनीस ठेवला. मध्याला जॅकेटची चेन लावता येत नव्हती, दाईने लावून दिली. "घरी सांगू नको," तो मला म्हणाला. दारात उभं राहून पाहिलं तर तीन बॅटऱ्या थुक्लाच्या दिशेने जात होत्या, मधली सारखी डावीकडे कलत होती. त्याच चोर्तेनांमधून तो अंधारात उतरणार होता.

साडेआठला वहिनींचा फोन आला. वायफाय कार्डावर नेमका तेव्हाच चांगला आवाज. "भाऊजी, यांचा फोन लागून नाही राहिला. बरे आहेत ना?"

"झोपला तो," मी म्हणालो. "दमला होता. जेवला भरपूर."

'जेवला भरपूर' कोणी सांगायला सांगितलं होतं?

बेस कॅम्प झाला. एका मोठ्या दगडावर लाल अक्षरांत नाव आणि उंची लिहिलेली आहे, त्याच्यापुढे फोटोसाठी रांग. राजाबाक्षाच्या मारुतीला शनिवारी असते तशी, फक्त प्रसाद नाही. ऑक्टोबरात तिथे तंबूही फारसे नसतात, शिखराच्या मोहिमा वसंतात, एप्रिल-मे महिन्यांत. नुसते दगड आणि त्यांखाली बर्फ, अधूनमधून आतून कडकड आवाज. खुंबूचा हिमप्रपात समोर, निळसर, अस्ताव्यस्त. चौघांच्या नावांचा बॅनर काढू म्हटलं तर तो मध्याच्या सॅकमध्ये, म्हणजे फेरिचेत. तिघांनी हात हलवून फोटो काढला. दुसऱ्या पहाटे काला पत्थरला, जिथून एव्हरेस्ट दिसतो त्या टेकडीवर, सुन्या एकटा गेला. थंडी फार आहे असं मी सांगितलं. थंडी होतीच.

त्याच दिवशी दुपारी फेरिचेला उतरलो. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं आरोग्य केंद्र आहे, १९७३ पासूनचं. मोसमात डॉक्टर असतात आणि दुपारी तीन वाजता येणाऱ्याजाणाऱ्यांना उंचीच्या आजारावर तासभर समजावून सांगतात. आम्ही जाताना दिंगबोचेवरून गेलो, म्हणून ते चुकलं होतं. आत डोकावलो तर पहिल्या रांगेत मध्या. मोबाईलवर शीट उघडून टिपणं घेत होता. सलग दुसऱ्या दिवशी तेच व्याख्यान ऐकत होता.

बाहेर उन्हात बसून त्याने ते आम्हाला पुन्हा ऐकवलं. वर हवेत ऑक्सिजन तेवढाच असतो बे, एकवीस टक्के. दाब कमी होतो, तिथे तर निम्माच. मेंदूला सूज आली की पहिला तोल जातो, म्हणून फळीवर चालवतात. बोटावरचा आकडा चांगला असला तरी तोल गेला म्हणजे गेला. औषध म्हणजे ऑक्सिजन, डेक्सामेथासोन आणि खाली उतरणं, त्यातही उतरणं सगळ्यात मोठं. त्याला रात्री साडेबाराला पोचवला होता, सकाळपर्यंत फळीवर सरळ चालायला लागला. केंद्राच्या भिंतीला बॅनर लावून त्याने एकट्याने फोटोही काढून घेतला होता. चौघांची नावं, खाली एक माणूस.

मला काहीतरी बोलायचं होतं, पण त्याने आधीच विचारलं, "दिसला का?"

"नाही ना बे. तिथून दिसत नाही."

"माहीत आहे. फुटाळ्यावर मीच सांगितलं होतं." मग थोडा वेळ हिशेब केल्यासारखा थांबून म्हणाला, "म्हणजे तू आणि मी सारखाच पाहिला."

वहिनींचं मात्र वेगळं झालं. घरी सांगू नको म्हणणाऱ्या त्या माणसाने फेरिचेला पोचल्यावर, नाकात नळी असताना, रात्री एक वाजता स्वतःच घरी फोन केला. वहिनींनी आधी सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं म्हणे, "पण तुम्ही तर झोपले होते ना?"

नागपुरात आल्यावर त्या मला काही बोलल्या नाहीत. दिवाळीला फराळ दिला, चिवडा नेहमीसारखाच. फक्त मध्याचा फोन लागला नाही म्हणून मी घरच्या नंबरवर केला की त्या उचलतात.

"झोपले ते, भाऊजी."

परवा संध्याकाळचे सहा वाजले होते. मागून मध्याचा आवाज येत होता, शेजाऱ्याला अन्नपूर्णाची शीट समजावून सांगत होता.