बंबातलं पाणी आणि गुरुजींची फियाट

सव्वासहाला फोन वाजला. जानेवारी महिना, निफाडची थंडी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहावर उतरला की आमच्याकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे फोटो पेपरात येतात. तसलीच पहाट होती.

"अरे, उठलास का? फियाट सेल घेतेय, पण पकडत नाहीये. हिचं आज मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे नाशकात, नऊला पोचायचंय."

ज्या माणसाने गणित शिकवताना आपले कान पिळलेत, त्याला 'गुरुजी, गॅरेज नऊला उघडतं' असं सांगता येत नाही. स्वेटर चढवला, पान्यांची पिशवी घेतली आणि निघालो.

गाडी 1994 ची पद्मिनी, पांढरी. गावात सगळे तिला फियाटच म्हणतात. गुरुजी आठवड्यातून एकदा बाजाराला तिला बाहेर काढणार, एरवी पत्र्याच्या शेडखाली चादर पांघरून ठेवणार. मी सेल मारून पाहिला. इंजिन खणखणीत फिरत होतं, म्हणजे बॅटरीचा दोष नाही. एक प्लग काढून वायरीला लावला, बॉडीला टेकवला. निळी ठिणगी, करंट मस्त. उरलेले तीन काढले. चारही प्लग कोरडे ठणठणीत.

इथे मी थबकलो. चोक ओढून दहा-बारा सेल मारल्यावर प्लग ओले निघायला हवेत आणि बॉनेट उघडल्याबरोबर नाकात पेट्रोल शिरायला हवं. इथे वासच नाही.

"इथेनॉल! दुसरं काय असणार," गुरुजी मफलरच्या आतून म्हणाले. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये ऊस-धान्यापासून केलेलं हे अल्कोहोल वीस टक्के मिसळलेलं असतं, त्यावर त्यांचा राग. "दोन एकर ऊस आहे माझा. माझाच ऊस माझ्याच गाडीला बाधला बघ."

"ऊसच असेल असं नाही गुरुजी. आता निम्म्याहून जास्त इथेनॉल मका-तांदळाचं असतं."

"मग शेजारच्याचा मका बाधला."

एअर क्लीनर काढून त्यांना चोक ओढायला सांगितला. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, तोंडावरची चोकची पाकळी अर्ध्याच्या पुढे फिरली आणि थांबली. ती मिटली की हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं. पूर्ण मिटायला हवी, तिथे माझी करंगळी आरामात शिरत होती. केबल सैल पडलेली. कधीपासून, देव जाणे. मागच्या हिवाळ्यात ह्याच फटीसकट गाडी चालू होत असणार.

आत जाऊन बाईंना विचारलं, "बाई, बंब पेटवलाय का?" गुरुजींच्या आंघोळीचं पाणी तयार होतं. तांब्याभर कढत पाणी आणि जुनं धोतर मागितलं. धोतराची घडी इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे कार्ब्युरेटरमधून इंजिनात जाणाऱ्या नळीवर, गुंडाळली, प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर थेंब उडणार नाही अशा बेताने त्यावर पाणी ओतत राहिलो. तीन तांबे गेले. वाफ अशी उसळली की बाईंना वाटलं गाडीच पेटली. मग चोकची पाकळी बोटाने दाबून पूर्ण मिटवली आणि गुरुजींना म्हणालो, "मारा." पहिल्या सेलला काही नाही. दुसऱ्याला खोकली. तिसऱ्याला एका सिलिंडरवर, मग दोनवर, आणि थरथरत चारही लागले.

बंबात तांब्याभरच पाणी उरलं होतं. बाईंच्या ऑपरेशनला गुरुजी पारोसेच गेले.

ही युक्ती माझी नाही, उस्तादांची. पेट्रोल द्रव असताना जळत नाही, त्याची वाफ लागते. पेट्रोलमध्ये हलके भाग असतात, ते थंडीतही पटकन उडतात. इथेनॉल मात्र उकळतं 78 अंशांना, आणि वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेतं. थंड मॅनिफोल्ड त्याने आणखी गार पडतो. त्यात एक किलो पेट्रोल जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9 किलोच. म्हणजे हवा तेवढीच असेल तर वीस टक्केवालं पेट्रोल जास्त सोडावं लागतं. नव्या गाडीत ते कॉम्प्युटर बघून घेतो. फियाटला कॉम्प्युटर नाही, चोकची केबल आहे, आणि तीच सैल. ब्राझीलमध्ये नुसत्या अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्यांना बॉनेटखाली पेट्रोलची छोटी टाकी असायची, फक्त सकाळी चालू करण्यापुरती. आपलं प्रकरण तितकं गंभीर नाही, वीस टक्केच आहे. पण वीस टक्के अधिक करंगळीएवढी फट अधिक निफाडची पहाट, एवढं पुरलं.

संध्याकाळी गुरुजी गाडी घेऊन गॅरेजला आले. बाईंचं ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं. पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतचा होज चिमटीत धरला तर अतिपक्व चिक्कूसारखा मऊ, आणि बोटांना काजळी लागावी तसं काळं लागलं. सोलेक्स, म्हणजे तिचा कार्ब्युरेटर, उघडला. वाटीच्या तळाला तपकिरी गाळ, पेट्रोल सोडणाऱ्या जेटच्या भोकात त्याचाच एक कण. टाकीत तीस वर्षं चिकटून बसलेली घाण इथेनॉल सुटी करतं आणि ती पेट्रोलबरोबर पुढे येते.

गुरुजींना मात्र एकच शंका. पंपवाला वीसच्या नावाखाली तीस तर घालत नसेल? त्यावर माझ्याकडे काचेचं शंभर मिलीचं मोजपात्र आहे. आधी दहा मिली पाणी घातलं, मग त्यांच्याच टाकीतलं पेट्रोल शंभरच्या रेघेपर्यंत. तोंड बंद करून हलवलं आणि ठेवून दिलं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे जातं. दोन मिनिटांत गढूळपणा निवळला आणि मधे स्वच्छ रेघ उभी राहिली. दहाला असलेली रेघ सत्ताविसाला गेली होती. गुरुजी चष्मा वर करून वाकले.

"सतरा वाढले. पेट्रोल किती होतं? नव्वद. सतरा भागिले नव्वद, एकोणीस टक्के." मग जरा नाराजीनेच, "माप बरोबर आहे की रे."

त्यांच्या वहीचा हिशोबही बरोबरच निघाला. दर टाकीला किलोमीटर लिहून ठेवतात. पूर्वी लिटरला 14 देणारी गाडी आता 13 देते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात जुन्या चारचाकींना सहा-सात टक्के घट सांगितली आहे, तेवढीच. म्हणजे 'काहीच फरक पडत नाही' म्हणणारेही माझ्या हिशेबी खोटे, आणि 'इंजिनची राख झाली' म्हणणारेही. 2023 च्या एप्रिलपासून निघालेल्या गाड्यांचं रबर वीस टक्क्यांना चालेल असं असतं. त्याआधीच्या गाडीवाल्याला पंपावर दुसरा पर्याय कोणी ठेवला नाही, हा राग मला रास्त वाटतो. होजचे पैसे शेवटी गुरुजींच्याच खिशातून जातात.

"हे सगळं दिल्लीवाल्यांचं नवं खूळ," गुरुजी म्हणाले.

"नवं कुठे? 2001 साली पाच टक्क्यांचा पहिला प्रयोग झाला, त्यात आपलं मनमाड होतं. मनमाड, मिरज आणि तिकडे उत्तर प्रदेशात बरेली."

"मनमाड?" त्यांना ते फारच लागलं. "आणि आम्हाला पत्ताच नाही!"

चोकची केबल नवी टाकली. होज इथेनॉलला टिकणारा, पंपाचा डायफ्राम आणि फ्लोटची सुईही बदलली. टाकी काढून धुतली, मधे फिल्टर बसवला, मेन जेट एक नंबरने मोठा केला. आणि गुरुजींना बजावलं की महिनोन् महिने अर्धी टाकी घेऊन गाडी उभी ठेवायची नाही, झाकणाचा वायसर दर पावसाळ्याआधी बघायचा. पाणी शिरलं तर मोजपात्रात झालं तेच टाकीत होईल, आणि इंजिन आधी खालचा थर ओढेल.

बिल लिहून दिलं. गुरुजींनी खिशातलं लाल पेन काढलं, मी लिहिलेल्या 'काबुरेटर'वर काट मारून वर 'कार्ब्युरेटर' लिहिलं, बेरीज पुन्हा तपासली आणि पैसे मोजले.