हात कुठे, यंत्र कुठे: हॉलंडच्या कारागिरांकडे

झान्स स्कान्सला जायचं तर ॲमस्टरडॅमहून गाडी पकडायची आणि वीस मिनिटांच्या आत उतरायचं. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की आधी कोकोचा वास येतो. जवळच्या कारखान्यात कोको भाजतात. मग झान नदीवरचा पूल लागतो, पलीकडच्या काठावर पवनचक्क्यांची रांग दिसते आणि पुलावरचे सगळे पर्यटक एकदम फोन बाहेर काढतात. मीही काढला.

मुलगा ॲम्स्टेलवेनला असतो. मी गेले की त्याची यादी तयार असते: ट्यूलिपच्या बागा, कालव्यातली बोट, चीज. या खेपेला मी त्याला म्हटलं, ते सगळं झालंय, आता मला हाताने काम करणारी माणसं दाखव. तो म्हणाला, "आई, अगं इथे गाईचं दूधसुद्धा रोबो काढतो." तरी नेलं त्याने.

झान्स स्कान्स हे जुनं गाव आहे असं वाटतं, पण तसं ते नाही. १९६१ पासून पुढे या खोऱ्यातली जुनी हिरवी लाकडी घरं, कोठारं आणि गिरण्या होत्या तिथून उचलून इथे आणून बसवल्या. कारखाने आणि नवी वस्ती वाढत होती, घरं पाडली जाणार होती, म्हणून ही सोय. काही घरांत लोक खरोखर राहतात, आणि त्यांच्या खिडकीत डोकावू नका अशा पाट्याही आहेत. लोक डोकावतातच.

लाकडी बुटांच्या, म्हणजे क्लोम्पेनच्या कार्यशाळेत सगळ्यात जास्त गर्दी. प्रात्यक्षिक देणारा माणूस पॉपलरच्या लाकडाचा ओला ठोकळा यंत्रावर चढवतो. शेजारी नमुन्याचा बूट बसवलेला असतो. एक चाक त्या नमुन्यावरून फिरत जातं आणि त्याच्याबरोबर पातं ठोकळ्यावरून, चावीवाल्याकडे जुनी चावी चाचपत नवी कापतात तसं. दुसऱ्या यंत्रावर आतून कोरून काढायचं. काही मिनिटांत बूट तयार. मग तो बुटाला तोंड लावून जोरात फुंकर मारतो आणि लाकडाच्या रंध्रांतून पाणी बाहेर येतं. लोक टाळ्या वाजवतात. लाकूड किती ओलं असतं हे दाखवायची ही युक्ती झकास आहे, पण ती तो दिवसभर, प्रत्येक घोळक्यापुढे करतो. बूट नंतर काही आठवडे वाळत ठेवावा लागतो, हे सांगेपर्यंत निम्मे लोक दुकानाच्या भागात पोचलेले असतात.

मला तिथे थांबवलं ते जुन्या हत्यारांनी. कुऱ्हाडीने ठोकळ्याला ढोबळ आकार द्यायचा. मग एक लांब सुरी, जिचं एक टोक बाकावरच्या कडीत अडकवलेलं असतं आणि दुसऱ्या टोकाला मूठ; ती खाली दाबत बाहेरची गोलाई तासायची. आणि शेवटी चमच्याच्या तोंडाचं गिरमिट घेऊन आतलं लाकूड खरवडायचं. डोळ्यांना न दिसणारी बुटाच्या नाकातली पोकळी फक्त मनगटाच्या अंदाजाने कोरायची. हे करणारे हात आता थोडे उरलेत. पण तिथल्या माणसाने मला फसवलं नाही. मी विचारायच्या आतच त्याने सांगितलं: "दुकानातले सगळे यंत्रावरचे. हाताचा हवा असेल तर सांगून करून घ्यावा लागेल, आणि थांबावं लागेल." दलदलीच्या शेतात पाय कोरडे ठेवणारं हे पादत्राण शेतकरी आणि माळी अजूनही घालतात. आम्हाला मात्र ते फक्त दाराला टांगण्याच्या मापात मिळत होतं.

तिथून 'डे काट'. काट म्हणजे मांजर. पवनचक्कीवर रंग दळणारी गिरणी जगात आता ही एकच उरली आहे. आत शिरलं की आधी आवाज येतो, सगळी इमारत जहाजासारखी करकरत असते. मधोमध दगडी बैठकीवर दोन अजस्र जाती उभी, कडेवर फिरणारी. त्यांच्याखाली खडू, गेरू, निळा दगड, जे असेल ते भरडलं जातं. जात्यांच्या मागून फिरणारी लाकडी फळी पसरलेली पूड पुन्हा वाटेत ढकलते. लाकडी दात्यांची चाकं, जाडजूड आस, आणि सगळ्यावर रंगाच्या धुळीचा थर. अरुंद जिन्याने वरच्या सज्जात गेलं की पाती अगदी हातभर अंतरावरून सणसणत जातात. तिथे गेल्यावर मुलाने माझा दंड धरला, आणि एरवी मला ते आवडलं नसतं.

गिरणीवाला इथे यंत्राचा नोकर नाही, हे सज्जात उभं राहिल्यावर कळतं. वारा फिरला की गिरणीचं डोकं त्या दिशेला वळवायचं. वारा कमी असेल तर पात्यांच्या चौकटींवर शिडाचं कापड पसरायचं, वाढला तर गुंडाळायचं. वादळ दिसलं तर वेळेत ब्रेक लावायचा, नाहीतर घर्षणाने लाकूड पेटू शकतं. १७८२ मध्ये ही गिरणी जळाली होती आणि पुन्हा उभारली गेली. युनेस्कोने २०१७ मध्ये आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली ती पवनचक्की नव्हे, ती चालवण्याची कला. इथे तयार होणारी पूड खाली पिशव्यांतून विकायला असते, आणि ती घेणाऱ्यांत जुनी चित्रं दुरुस्त करणारे असतात. बुटांच्या कार्यशाळेत जे खेळासारखं वाटलं होतं ते इथे वाटलं नाही, कारण इथलं दळण कुणाच्या तरी कामाला जाणार होतं.

या गिरण्या एके काळी रंग देणारी परदेशी लाकडंही तोडून भरडत. त्याची दुसरी बाजू ॲमस्टरडॅममध्ये दिसते. हायलिगवेख नावाच्या खरेदीच्या रस्त्यावर एका जुन्या तुरुंगाचं दार अजून उभं आहे. १५९६ मध्ये सुरू झालेल्या या 'रास्पहौस'मध्ये कैद्यांना जड कानशी देऊन ब्राझीलचं कठीण लाकूड हाताने किसायला लावत. शहराने या किसाचा मक्ताच तुरुंगाला दिला होता. लाल धुळीने माखलेले कैदी बघायला लोक तिकीट काढून येत. हस्तकला म्हटलं की आपण जे गहिवरतो, त्याला या दारासमोर जरा वेसण बसते. लाकूड चिरण्याचंही तसंच. उइटखेस्टच्या कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोनने १५९० च्या दशकात वाऱ्यावर चालणारी करवत बनवली, पण ॲमस्टरडॅमच्या करवतवाल्यांच्या संघटनेने विरोध केला, आणि धंदा गेला झानकाठी. तिथे इतकी जहाजं बांधली जाऊ लागली की १६९७ मध्ये रशियाचा झार पीटर ते शिकायला झानडाममध्ये एका लाकडी झोपडीत येऊन राहिला.

एन्कहौजन या काठावरच्या गावाबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे आमचा बराच वेळ मासे खाण्यात गेला. १९३२ मध्ये धरण-बांध घालून डच लोकांनी झाउडरझे हा समुद्रच अडवला. खारं पाणी गोडं झालं, आणि काठावरच्या मासेमारीच्या गावांचा धंदा बसला. त्या गावांची घरं आणि दुकानं आणून तिथे उघड्यावरचं संग्रहालय केलंय. स्टेशनजवळून बोटीने जायचं. धुराच्या खोलीत हेरिंग टांगलेले, लोहाराची भट्टी पेटलेली, आणि दोरवाल्याकडे पोरांची रांग. तागासारख्या हेम्पच्या धाग्यांचे पेड एका बाजूच्या आकड्यांना अडकवतात, चाक फिरवून प्रत्येकाला पीळ देतात, मग सगळे पेड एकत्र उलट्या दिशेने वळतात. दोन पीळ एकमेकांना सोडू देत नाहीत, दोर तयार. मधे खाचा असलेला लाकडी ठोकळा धरायचा असतो, तो सात-आठ वर्षांच्या मुलीच्या हातात दिला होता आणि ती जीभ बाहेर काढून चालत होती. कोकणात काथ्याचा दोर वळताना मी पाहिलेला आहे, तेव्हा तत्त्व ओळखीचं होतं. सुंभाचा पीळ इथेही जळून जात नसावा.

डेल्फ्टसाठी मात्र एक अख्खा दिवस ठेवा. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक इथे होती. याच कंपनीची वखार १६३७ पासून आपल्या वेंगुर्ल्याला होती, पोर्तुगीज गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या जहाजांना रसद पुरवायला. कंपनीच्या जहाजांतून चिनी मातीची निळी-पांढरी भांडी हॉलंडला आली आणि श्रीमंतांना त्यांचं वेड लागलं. पुढे चीनमध्ये मिंग राजवट कोसळली, यादवी माजली, माल येईना. त्याच सुमारास डेल्फ्टचे बीअरचे कारखाने बंद पडत होते. कुंभारांनी त्या रिकाम्या इमारतींत भट्ट्या लावल्या. त्यांच्याकडे चिनी मातीच नव्हती. त्यांनी साध्या मातीच्या भांड्यावर कथिलाचा पांढरा लेप चढवला आणि त्यावर निळी चित्रं काढली. थोडक्यात, आज ज्याची नक्कल जगभर विकली जाते ते डेल्फ्टचं निळं काम स्वतः एक नक्कल होतं.

सतराव्या शतकात गावात असे ३२ कारखाने होते. त्यातला १६५३ मध्ये सुरू झालेला एकच आजवर टिकला, 'डे पोर्सेलेन फ्लेस', म्हणजे आत्ताचं रॉयल डेल्फ्ट. तोही इंग्लंडच्या स्वस्त, मजबूत भांड्यांपुढे मरायला टेकला होता. १८७६ मध्ये योस्ट थोफ्ट नावाच्या इंजिनिअरने तो विकत घेतला, मातीचं मिश्रण बदलून भांडं कणखर केलं आणि हाताने रंगवणं पुन्हा सुरू केलं.

भांडं चाकावर घडवत नाहीत. पातळ चिकणमाती प्लास्टरच्या साच्यात ओततात, प्लास्टर पाणी शोषून घेतं, भिंतीला थर धरतो, उरलेली माती ओतून टाकायची. वाळल्यावर पहिली भाजणी. मग ते रंगवायला येतं. चित्रकार बाई एका ताटावर काम करत होत्या. त्यांच्यासमोर ट्रेसिंग पेपरवर नक्षीच्या रेषांवर सुईने टोचलेली बारीक भोकं. कागद ताटावर ठेवून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी फिरवायची, की ठिपक्यांची पुसट बाह्यरेषा उमटते. आमच्या घरी रांगोळीचे छापे होते, तेच तंत्र. पुढचं सगळं हाताचं. ठिपके फक्त सीमा सांगतात, फुलाची पाकळी कुठे गडद आणि कुठे विरळ ते चित्रकाराने ठरवायचं.

आणि रंग काळा. त्यात कोबाल्ट ऑक्साइड असतं. बाई जेवढं पाणी मिसळतात तेवढा तो करडा होतो, आणि त्या करड्याच्या छटा बघून त्यांना निळ्याचा हिशेब करावा लागतो. लेप नसलेलं भांडं रंग लगेच पिऊन टाकतं, म्हणून पुसायची सोय नाही. चित्र पूर्ण झालं की त्यावर पांढरा लेप देऊन ते दिसेनासंच करतात. दुसऱ्या भाजणीत, हजार अंशांच्या वर, लेपाची काच होते आणि कोबाल्ट निळा पडतो. मी विचारलं, भट्टी उघडताना धाकधूक होते का? त्यांनी मान वर न करता सांगितलं, "भट्टी मी नाही उघडत. मी तोवर पुढच्या ताटावर असते." असं उत्तर ज्याला रोज आठ तास तेच करायचंय तोच देतो.

शिकायला काही वर्षं लागतात. सुरुवातीला सोप्या किनारी, मग फुलं, आणि खूप पुढे निसर्गचित्रं. वाटेत रेम्ब्राँटच्या 'नाइट वॉच'ची ४८० फरशांवरची प्रत भिंतभर लावली आहे, तिथे लोक फोटो काढतात. मला ती नुसतीच मोठी वाटली.

शेवटी दुकान. तिथे दोन प्रकार वेगवेगळ्या कपाटांत, हाताने रंगवलेले आणि छापील, आणि कुठला कुठे ते स्पष्ट लिहिलेलं. आपण पैठणी घेताना पदर उलटून बघतो. हातमागाची मागूनही तशीच सुबक, यंत्राची असेल तर मागे दोरे लोंबतात. इथे ताट उलटायचं. हाताच्या भांड्यामागे बाटलीचं चिन्ह, वर्षाचं अक्षर आणि रंगवणाऱ्याची आद्याक्षरं. येवल्यात यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून गळ्यात मारणारे पाहिलेत, म्हणून मला त्या दोन कपाटांचं फार अप्रूप वाटलं.

किमतीतला फरक मुलाने फोनवर रुपयांत करून दाखवला आणि मी फोन परत दिला. छापील वाटी घेतली. काउंटरवरच्या मुलीने ती कागदात गुंडाळता गुंडाळता तीनदा विचारलं, "ही छापील आहे, माहितीये ना तुम्हाला?"